माझ्या हिरडीतला जीव

रत्नागिरी,
रविवार, ९ फेब्रुवारी १९८६

प्रिय मालनवहिनी,

सप्रेम जय भीम. मी बरी आहे, म्हणजे डावी दाढ सोडून. विमलाची शाळा, जावयांचा खोकला, सगळं कळव. कलमांना मोहोर बरा आहे. शेजारची गोदूबाई तू कधी येणार म्हणून रोज विचारते, आणि मी ऐकू न आल्यासारखं करते.

रागात लिहिते आहे, अक्षर चालवून घे. हिरडीतून रक्त येतं म्हणून बुधवारी दातांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीण म्हणजे आपली राही, माझ्या वर्गात बेडूक बघून रडलेली. तिने हिरडीच्या खाचेतलं किटण काढून काचेवर ठेवलं आणि म्हणाली, "बाई, बघता?" तीस वर्षं पोरींना सूक्ष्मदर्शक दाखवला, आणि मला विचारते बघता का.

बघितलं. अमीबा. चांगला जिवंत, सरकत होता. आजवर मी डबक्यातला शिकवला, हा माझ्या तोंडातला. कॉन्व्हेंटात सिस्टर घड्याळ घेऊन उभी राहायची आणि आम्ही दात घासायचो. पन्नास वर्षं तसेच घासले, त्याचं हे बक्षीस.

"घाबरू नका," राही म्हणाली, "खूप जणांच्या तोंडात असतो, स्वच्छ तोंडातसुद्धा. दुखणं याच्यामुळेच की हा नुसता तिथे राहायला आलाय, तेही नक्की माहीत नाही. उष्टं खाल्लं, एका कपातून प्यायलं, की एकाकडून दुसऱ्याकडे जातो. घरात कोणाबरोबर खाता-पिता?"

"कोणाबरोबर नाही."

"कोणाबरोबरच नाही?"

"दाढ बघ तू," मी म्हटलं.

वहिनी, सप्टेंबरात तुझ्या हिरड्यांतून रक्त आलं, तेव्हा मशेरीवरून तुला बोलले ते बोलले, वर तुझी कपबशी खिडकीत वेगळी ठेवली. जंतू, म्हणाले. तू कपबशी धुऊन पालथी घातलीस आणि पिशवी भरून लेकीकडे, विमलाकडे गेलीस. मला वाटलं, केवढा हा ताठा.

खोटं लिहिलं. तेव्हाच कळलं होतं मला. आपल्या आयांना चहाच्या हॉटेलाबाहेर कुठली कपबशी मिळायची, हे तुला सांगायला नको आणि मलाही. तीच मी माझ्या घरात मांडली, माझ्या भावाच्या बायकोसाठी. पाच महिने त्याला स्वच्छता म्हणत बसले.

तो जीव तुझ्याकडून माझ्याकडे आला की माझ्याकडून तुझ्याकडे गेला, राहीला सांगता येत नाही. दादा गेल्यावर सहा वर्षं एक आंबा अर्धा तू चोखलास, अर्धा मी. कोण सांगणार?

मशेरी मात्र सोड. माफी मागतानाही हे म्हणणारच.

शनिवारी सकाळच्या एस.टी.ने पूर्णगडला येते. तुला न्यायला नव्हे. विमला आणि जावयांसमोर माफी मागायला. परत यायचं की नाही, ते तू ठरव. नाही म्हणालीस तर संध्याकाळच्या गाडीने जाईन आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येईन.

तुझी वाट बघते हे कबूल करायला पाच महिने लावणारी तुझी नणंद,
प्रेमला