तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग

३ नोव्हेंबर, सोमवार

मिसिंग! आणि तेही माझ्याच गाडीत! भोसरीच्या सिग्नलला उभे होतो, काचा बंद — आणि खालून ठोका. मधेच एखादा गळतो. तिसरा सिलिंडर, दुसरं काही नाही. शेजारी बायको. विजयश्री म्हणे, "मला तर काहीच ऐकू येत नाही." तिला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, ती इंजिन काय ऐकणार!

प्लग तीन वर्षं बदललेले नाहीत. बदलायचे.

५ नोव्हेंबर, बुधवार

ज्योतीरामचा फोन. मोशीत गॅरेज आहे त्याचं. "सोमवारपासून कामाला या काका. मशीन आहे माझ्याकडे, पण तुमच्यासारखा कान नाही."

चाकणला सव्वीस वर्षं इंजिन टेस्टिंगला काढली. नुसतं ऐकून सांगायचो — दोन नंबर बघ, चार नंबर बघ. एप्रिलमध्ये कंपनीने ती लाइनच बंद केली. तरणी पोरं दुसरीकडे लागली. चौपन्नाव्या वर्षी मला कोण घेतंय? सात महिने घरात लोळतोय. कानाशिवाय आता काही उरलं नाही माझ्याकडे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

प्लग बदलले. मीच! इंजिन गार होऊ दिलं, एकेक कॉइल उचलली. जुन्यांची टोकं पार झिजलेली, गॅप वाढलेला. तिसरा जरा जास्तच काळा — सांगितलं होतं की नाही! नवे आधी हाताने फिरवले, मग पान्याने बेताने आवळले. चौथ्याला दम लागला, पायरीवर बसलो. बसून बसून अंगात जीवच राहिला नाही.

एका सेल्फमध्ये स्टार्ट! आधी तीन-तीन वेळा चावी फिरवावी लागायची. देहूपर्यंत चक्कर मारली. पिकअप झकास, चढाला गिअर उतरवावा लागला नाही. सायली मागच्या सीटवरून ओरडली, "पप्पा, नवीन गाडी वाटतेय!" किती दिवसांनी पोरगी माझ्याशी अशी बोलली.

पार्किंगमध्ये येऊन आयडलिंगला ऐकलं. ठोका. गळला!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तिसऱ्याचा प्लग पहिल्याला लावून पाहिला, कॉइलही बदलून पाहिली. काही फरक नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

ज्योतीरामकडे गाडी नेली. त्याने मशीन लावलं. "काका, एकही मिसफायर नाही. चारही ओके." म्हटलं, मशीन ठेव बाजूला, ऐक! बिचाऱ्याने वाकून ऐकलं. मग गाडीकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "सोमवारचं... जरा थांबू या का काका? मी कळवतो."

मी "हो हो, काय घाई आहे" म्हटलं. वर हसलोसुद्धा! गाडीत बसलो आणि रडू आलं. विजयश्रीला सांगितलं, त्याच्याकडे सध्या काम कमी आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

संपलं. कान गेला. नसलेलं मिसिंग ऐकणाऱ्याला कोण विचारतंय? विजयश्री मागे लागलीय, "जिना चढताना धापा टाकता, आधी डॉक्टरकडे चला." डॉक्टर काय नवा कान बसवून देणार आहे? तिच्यावर उगाच खेकसलो. जेवलो नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज कामाला जायचा दिवस होता. सवयीने सकाळी खाली उतरलो, गाडीत बसलो, काचा लावल्या. जायचं कुठे? गाडी सुरूच केली नाही.

ठोका येत होता. चावी माझ्या हातात, इंजिन थंडगार — आणि ठोका येत होता! मधेच एक गळला. मनगटावर बोटं ठेवली. तिथेही गळला, त्याच वेळी.

कान शाबूत आहे माझा. विजयश्री चप्पल घालून दारात उभी आहे.