माथ्याच्या जरा अलीकडे

प्रिय शिडीबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडून टाकलं नाहीस, म्हणजे निम्मी चढण झाली. फोनच करणार होते, पण तुझा आवाज ऐकून माझी बोबडी वळली असती.

मी बरी आहे. नवी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. काम तेच, कवळ्या घडवायचं. दिवसभर लोकांचे दात माझ्याकडे बघून हसतात आणि संध्याकाळी घरी आलं की बोलायला चिटपाखरू नसतं. तुझा भाऊ घरात असायचा तेव्हाही फार बोलणं नव्हतं म्हणा, पण ते न बोलणं निदान दोघांचं होतं.

घटस्फोटाच्या वेळी वकीलबाईंनी सगळ्याची नीट वाटणी केली. कपाट त्याला, शिलाई मशीन मला. तुझं नाव मात्र कुठेच निघालं नाही. माझी नणंद असलीस तरी आधी त्याची बहीण, म्हणून तू आपोआप तिकडे गेलीस, आणि मीही तोंडातून ब्र काढला नाही. भांडण आमचं होतं गं. तुझ्यामाझ्यात तर साधी कुरबुरसुद्धा कधी झाली नव्हती.

लग्नानंतर मी तुमच्या घरात अवघडून बसले होते, तेव्हा तू शाळेत ज्यावरून शिकवायचीस तो नकाशा माझ्यापुढे पसरला होतास, आठवतं? ज्या डोंगरांना नाव नाही, नुसता उंचीचा आकडा छापलाय, तेवढेच तुला हवे होते. नावाजलेल्या शिखरांवर माणसं फोटो काढायला रांगा लावतात, आपण कशाला तिथे मरायला जायचं, असं म्हणायचीस. मग नावं आपणच ठेवली. एक टकलू हेडमास्तर. एक रुसलेला, कारण त्याची मान कायम वळलेली. आणि तो लांबून सोज्वळ दिसणारा, जवळ गेल्यावर जीव नकोसा करणारा, त्याला सासूबाई हे नाव तू दिलंस, मी नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

तुझे पाय शिडीसारखे लांब आणि माझा दम तोकडा. तू केव्हाच पुढे जाऊन बसायचीस, पण माथ्यावर कधीच नाही. जरा अलीकडे, एखाद्या दगडाला टेकून. मी धापा टाकत आले की आधी यथेच्छ शिव्या, मग पाणी, आणि मग आपण दोघी मिळून वर पाय ठेवायचो. हे असं कुणी ठरवलं होतं ते काही मला सांगता यायचं नाही.

आता मी एकटी जाते. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरायचं आणि चालू लागायचं. गेल्या रविवारी रुसलेल्यावर गेले. वारा नुसता भणाणत होता, झुडपांनी हात ओरबाडून काढले. माथा अगदी समोर होता आणि मी सवयीने थांबले. दगडाला टेकून खालच्या वाटेकडे बघत बसले. कुणी येणार नाही हे मला ठाऊक होतं, मी काही वेडी नाही. डबा उघडला, तसाच बंद करून उतरले. हे पहिल्यांदा झालेलं नाही. एकटीने गेले तो प्रत्येक डोंगर मी तिथपर्यंतच चढले आहे. पायात ताकद आहे, पण वर जावंसंच वाटत नाही. फार एकटं वाटतं गं तिथे, खोलीत वाटतं त्याहून जास्त.

आता मुद्द्याचं सांगते. तुझा भाऊ पुन्हा लग्न करतोय, हे आमच्याकडे कवळ्या करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडून कळलं. त्याचं भलं होवो, हे मनापासून म्हणते. माझ्या पोटात दुखलं ते वेगळ्याच कारणाने. तुला नवी वहिनी मिळेल. तिलाही डोंगरांवर ने, तिचा दम माझ्याइतकाच तोकडा असला तर जरा सांभाळून घे. पण मला वहिनी म्हणणारी जगात तू एकटीच होतीस, आणि ती हाक आता तिची. ती मी परत मागत नाही. मला नावाने हाक मार, शिवी दे, तुला सुचेल ते म्हण. पण काहीतरी म्हण. भावाबरोबर मलाही सोडलंस का, एवढंच विचारायला हे पत्र लिहिलं.

तुझीच,
(पुढे काय लिहायचं ते तू कळव)