साडीचं दुसरं टोक

दिंडोशी,
१२ जून २०२४

ती. शकुआत्यास,
केतनचा सविनय जयभीम. वि. वि. पत्र मुद्दाम लिहितोय, कारण फोनवर तू बघू बघू म्हणतेस आणि भाजीचे भाव सांगायला लागतेस.

गेल्या जुलैत विक्रोळीच्या नाल्यात रिक्षा कोसळली, तेव्हा कमरेला साड्यांचा दोर बांधून तू पाण्यात उतरलीस आणि रिक्षावाल्याला व आतल्या बाईला बाहेर काढलंस. तो व्हिडिओ आमच्या कोर्टातल्या शिपायांनीही पाहिलाय. अशा कामासाठी सरकार जीवन रक्षा पदक देतं. दोन वर्षांच्या आत अर्ज जावा लागतो. मसुदा सोबत आहे.

१९६१ साली ही पदकं निघाली तेव्हा त्यांना पहिला, दुसरा, तिसरा वर्ग म्हणत. आता सर्वोत्तम, उत्तम आणि नुसतं जीवन रक्षा, अशी नावं आहेत. तुझ्यासाठी मी उत्तम मागितलंय. वकील आहे, कमी कशाला मागू? सही करून पाठव. आपल्या घराण्यात पहिलं पदक तुझ्या पदरावर लागलेलं मला बघायचंय.

भाचेसून रश्मी तुझी आठवण काढते. माया असू दे, रागावलीस तरी चालेल.
तुझा केतन

विक्रोळी,
१८ जून २०२४

चि. केतन यास,
शकुआत्याचे अनेक आशीर्वाद. मसुदा चष्मा लावून दोनदा वाचला. माझं एवढं कौतुक माझ्या लग्नातही कोणी केलं नव्हतं.

वर्गाचं वाचून हसू आलं. मी प्रसूतिगृहात एकतीस वर्षं चौथ्या वर्गाची आया. पुढे आम्हालाही गट ड केलं, फिनेलची बादली मात्र तीच राहिली.

पण सही करत नाही. तू ‘एकटीने’ असं लिहिलंस, ते खोटं आहे. साडीचं दुसरं टोक शेजारच्या सुगंधाने खांद्याला गुंडाळलं होतं. व्हिडिओवाल्याने पाणी टिपलं, काठ टिपलाच नाही. तिचा खांदा निखळला. अजून हात वर जात नाही, पोळ्यांचं काम सुटलं. आणि तिची सून सपना सगळ्यांना सांगत फिरते की सासूबाई नको तिथे मरायला गेल्या.

सुगंधाचाही अर्ज कर. दोन होत नसतील तर एकही नको. वकिली कोर्टात कर, माझ्याकडे नको.

जेवत जा वेळेवर. रश्मीला आशीर्वाद.
तुझी आत्या

दिंडोशी,
२७ जानेवारी २०२५

ती. शकुआत्यास,
सविनय जयभीम. तुम्हा दोघींचे अर्ज पाठवले होते, त्या पदकांची यादी आली. सुगंधाताईंचं नाव आहे. तुझं नाही.

त्यांना मिळालेलं पदक जीव वाचवताना गंभीर इजा झालेल्यांसाठी असतं. त्यांच्याकडे इस्पितळाचे कागद होते, तुला साधा ओरखडाही नव्हता. शिवाय चौकशीला साहेब आले तेव्हा तू स्वतःवर पाच वाक्यं बोललीस आणि सुगंधाताईंवर अर्धा तास. मी शेजारी बसून कपाळाला हात लावला होता.

आत्या, मला तुझा फार राग आलाय. काल यादी वाचताना रडलोही. जुलैपर्यंत मुदत आहे, तुझा अर्ज पुन्हा नव्याने करतो. या खेपेला नाही म्हणू नकोस.

तुझ्यावर रागावलेला, पण तुझाच
केतन

विक्रोळी,
२ फेब्रुवारी २०२५

चि. केतन यास,
अनेक आशीर्वाद. मलाही वाईट वाटलं, कशाला लपवू? चहा गार झाला तरी कप हातातच होता. मग उठले आणि सुगंधाकडे गेले.

सपना फोनवरून ती यादी सासूला वाचून दाखवत होती. तीनदा वाचून झाली होती, चौथ्यांदा माझ्यासाठी वाचली. मग फोन ठेवला आणि सासूचे केस विंचरायला बसली. सुगंधाला दीड वर्षात स्वतःची वेणी घालता आलेली नाही, आणि सपनाने आजवर कधी तिच्यासाठी कंगवा हातात घेतला नव्हता. मी चहा टाकायला आत गेले, नाहीतर रडले असते.

अर्ज पुन्हा करू नकोस. तुला एक सांगायचं राहिलं होतं. त्या बाईला काठावर ढकललं आणि माझे पाय सुटले. पाणी डोक्यावरून गेलं. वर सुगंधाचा खांदा निखळला तो तेव्हा, माझ्या ओझ्याने. तरी तिने टोक सोडलं नाही.

तू अर्जात दोन जीव लिहिलेस. तिने तिसराही वाचवला रे.

पदकाच्या कार्यक्रमाला रश्मीला घेऊन ये.
तुझी जिवंत आत्या,
शकु