मऊ दिवसांचा तक्ता

४ मार्च
माजरीत महिला मेळावा. चाळीस मिनिटं बोलले. पंचांग फेकून द्या, स्वतःचं शरीर वाचा. गर्भपिशवीचं तोंड बोटाला नाकाच्या शेंड्यासारखं टणक लागलं तर थांबा. ओठासारखं मऊ, वर सरकलेलं, ओलं लागलं तर हेच ते गर्भ राहायचे दिवस. टाळ्या. पुढे बसलेली हर्षा सगळं वहीत उतरवत होती. तिचा नवरा मिथुन माझ्या नवऱ्याच्या, प्रवीणच्याच कोळसा खाणीत.
संकल्प: सदतिसाव्या वर्षी आता स्वतःवर प्रयोग. दोन महिन्यांत निकाल.

१४ मार्च, सकाळी ६.१०
दिवस तेरावा. मऊ, ओलं. पुस्तकात आहे तसंच. प्रवीणला मेसेज. मिथुनची ड्यूटी त्याच्यावर आली म्हणे, तीन दिवस माजरीलाच मुक्काम. कामसू माणसाला सगळेच धरतात.

१७ मार्च
टणक. प्रवीण घरी, वरोऱ्याला आला. चहा, मॅच, झोप. चूक माझीच, ऐनवेळी कळवलं.

१ एप्रिल
तक्त्याची रंगीत प्रिंट त्याच्या डब्याच्या पिशवीत. १० ते १२ एप्रिल लाल: मऊ दिवस. शेजारच्या आशाबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, कागदानं लेकरू होते काय वं? नवऱ्याले जवळ बसव, बोल. प्रबोधनाला अजून किती वाव आहे!

११ एप्रिल
मऊ. इतकं स्पष्ट कधीच नव्हतं. पुन्हा मिथुनची ड्यूटी. योगायोग. दोघांची भाजी दर वेळी मी एकटीच संपवते आहे. वजन दीड किलो वर. तेही तक्त्यात घेतलं.

२ मे
विचारलं, नऊ तारखेला नक्की ना? म्हणाला, बघू. म्हणजे हो. त्याच्याइतका कमी बोलणारा माणूस माझ्याइतका कुणाला कळतो?

९ मे
दिवस तेरावा. मऊ, वर, उघडं. प्रवीणचा फोन लागत नाही.
दुपारी हर्षा माजरीहून पेढे घेऊन आली. ताई, तुमच्यानंच दिवस राहिले, म्हणाली. माह्या तारखा तुमच्याच तारखा. अन् प्रवीणभाऊचे लय उपकार. दर महिन्याले नेमके तेच दिवस आमच्या ह्यायची ड्यूटी सोताहून मांगून घेते. हे म्हणाले, भाऊ, घरी जा ना. तर म्हणते, घरी जाऊन काय करू?
मग माझ्याकडे बघून तिनं पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. मी तिला फोलिक अॅसिडच्या गोळ्यांबद्दल सविस्तर सांगितलं. सोडायला फाटकापर्यंत गेले.

९ मे, संध्याकाळ
निकाल दोन महिन्यांत, म्हटल्याप्रमाणे. पद्धत अचूक. स्थळ माजरी.
भाजी एकटीपुरतीच केली.