पंप किती तास

वैशाख शुद्ध द्वितीया, सोमवार

पंप किती तास चालवावा, या एका प्रश्नावर आज सर्वांचा चहा निवला. परसातला तो छोटा स्विमिंग पूल — मी त्याला हौदच म्हणतो. मुकुंदाचे मत आठ तासांचे. शैला म्हणते, "एवढ्याशा पाण्याला आठ तास? चारात गाळून होतंय." चिरंजीव चाकणच्या कारखान्यात मोठमोठी यंत्रे सांभाळतात, घरच्या यंत्रावर मात्र सूनबाईंशी त्यांचे एकमत होत नाही.

हौद सौ.साठी बांधला. माघात तिचे उजवे अंग लुळे पडले, वाचाही गेली. काही मागायला जाते आणि शब्द ओठांशीच विरतो. व्यायाम शिकवायला येणाऱ्या तनुजाबाईंनी बजावून ठेवले आहे : "पाण्यात आजी चालतील. पण रोज चालायला हवं. आत्ता पाय आखडला तर पुन्हा सुटायचा नाही." म्हणून रोज पहाटे ती पाण्यात उतरते, कठडा धरून चालते. शैला जवळ बसते.

माझी अडचण निराळी. तीच वेळ माझ्या जपाची. पंपाचा हुंकार थेट देवघरात येतो, मन नामावर ठरत नाही.

शेवटी मी निवाडा दिला : पंप चार तास, तोही दुपारी. वाहत्या पाण्याला दोष नाही हे शास्त्राला मान्य. पण ते माझ्या जपाच्याच वेळी वाहावे असे कोठेही सांगितलेले नाही. सगळे हसले.

सौ. हसली नाही.

वैशाख शुद्ध पंचमी, गुरुवार

जप निर्विघ्न. पाणीही नितळ.

वैशाख शुद्ध सप्तमी, शनिवार

सौ. पाण्यात उतरेनाशी झाली आहे. पायरीवर बसून राहते. डावा हात उचलून पंपाच्या पेटीकडे दाखवते, मग माझ्याकडे पाहते.

मुकुंद म्हणाला, "आई, पाणी स्वच्छ आहे गं. मी स्वतः तपासलंय." तिने त्याचा हात झटकला. तनुजाबाईंचा चेहरा आज गंभीर होता. "असंच चाललं तर कमावलेलं सगळं जाईल, नाना."

मी विचार करीत बसलो. तिचे सोवळे जन्मभर कडक. शिळे, उभे पाणी तिने देवाला कधी वापरले नाही. रात्रभर एका जागी थांबलेले पाणी तिला चालत नसावे. दोष शुद्धीचा आहे. तर उपायही शुद्धीचाच हवा.

वैशाख शुद्ध एकादशी, बुधवार

स्नान करून देवघरातील गंगेची लोटी फोडली. सप्तनद्यांचे आवाहन करून ते तीर्थ हौदात सोडले, ओंजळ भरून तुळशी वाहिल्या. सौ.ला हात धरून आणले.

तिने पाण्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मान फिरवली. तिच्या मानेची प्रत्येक हालचाल मला कळते, असा माझा समज होता.

वैशाख शुद्ध त्रयोदशी, शुक्रवार

तुळशी गाळणीत जाऊन अडकल्या! हौदाची निगा राखणारा समाधान पहाटेच आला. पुढे त्याला पिंपळे सौदागरला जायचे होते. गाळणीतला चोथा दाखवत म्हणाला, "नाना, तुळस देवाला वाहायची. ह्या बिचाऱ्या फिल्टरनं काय पुण्य केलंय?" आणि चालतो का पाहण्यासाठी त्याने पंप लावला.

माझा जप मोडला. रागावूनच मी बाहेर आलो.

सौ. पायरीवर होती. हुंकार सुरू होताच तिने हनुवटी उचलली. कठडा धरला. शैला धावेपर्यंत पाण्यात उतरलीसुद्धा. आणि गाऊ लागली. तिची भूपाळी. कापरा आवाज, एकच चरण. पण शब्द स्पष्ट. पाणी मागता येत नाही तिला, आणि देवाला उठवता येते!

शैला रडत म्हणाली, "पंप चालू असला की रोज पुटपुटायच्या हो. मला वाटायचं, पावलं मोजतायत."

तनुजाबाई फोनवर म्हणाल्या, "बोलणं जातं, पण गाणं कधी कधी शिल्लक राहतं."

रहाटणीच्या भजनी मंडळात ही पहिली गाणारी. पण सूरपेटीचा सूर लागल्याशिवाय हिने कधी तोंड उघडले नाही. ते मला ठाऊक होते. पंपाकडे हात करून तिने सूर मागितला. मी तिला तीर्थ दिले.

वैशाख पौर्णिमा, रविवार

नवा निवाडा : ती पाण्यात असेल तोवर पंप चालेल. मुकुंदाने विचारले, "म्हणजे नक्की किती तास, नाना?" म्हटले, आईला विचार.

जपाला आता पायरीवरच बसतो. नाद हेच नामाचे मूळ, हे मी आयुष्यभर शिकवले. आणि घरी आलेला नाद बंद करायला निघालो होतो. एकाग्रतेसाठी मी शांतता मागत होतो. तिला साथ हवी होती.

एक चिंता उरते. पंप थांबला की तिचा चरण अर्ध्यावर तुटतो आणि वाचा पुन्हा मिटते. यंत्राच्या भरवशावर किती दिवस?

वैशाख वद्य चतुर्थी, गुरुवार

दुरुस्तीसाठी पहाटेच वीज गेली. पंप थांबला, चरण तुटला. ती माझ्याकडे पाहत राहिली. जन्मात कधी गायलो नाही मी. माळ खाली ठेवली, डोळे मिटले आणि जमेल तसा सूर धरला.

"खाली," ती म्हणाली. गायली नाही — म्हणाली.

मी सूर उतरवला.