नमुन्यातलं नाव

११ जुलै
काल वुर्यांतीचा, माझ्या बायकोचा, मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस झाला. साठेक माणसे आली. प्रार्थना झाली, भाताचे डबे वाटले, सगळे वेळेत घरी गेले. डबे पुरले. पुस्तिका मात्र नव्हती. आमच्या सोलो शहरात गेलेल्या माणसाचे नाव आणि फोटो घालून प्रार्थनेची छोटी पुस्तिका छापतात आणि आलेल्यांना देतात. ती जुळवायचा डेस्कटॉप प्रोग्राम चौदा वर्षांपूर्वी मीच लिहिला. शहरातले निम्मे छापखाने तोच वापरतात. हार्सीताई, म्हणजे तिची थोरली बहीण, जाताना म्हणाल्या, भाऊजी, हलवायाच्या घरी साखर नाही होय? शंभराव्याला तरी द्या.
देणार. पण जुन्या प्रोग्रामने नाही. तिच्यासाठी नवी आवृत्ती लिहीन. शंभरावा आठ सप्टेंबरला. वेळच वेळ आहे.

१४ जुलै
डेव्हलपर फोरमवर बातमी: डेस्कटॉप मेला. दरवर्षी मरतो. शेकडो लोकांनी दुःख व्यक्त केले. चाळिसावा कोणी करत नाही.
प्रोग्राम ज्यावर उभा करायचा ते नवे फ्रेमवर्क निवडले. त्यात दोन आठवड्यांत काहीही लिहून होते म्हणतात. असे म्हणणाऱ्या एकानेही काही लिहिलेले सापडले नाही, पण माणसे अनुभवी वाटतात.

२९ जुलै
नव्या प्रोग्रामची खिडकी उघडते. आत काही नाही, पण फार वेगाने उघडते. हार्सीताई तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या तळलेल्या वड्या, घेऊन आल्या होत्या. त्यांना दाखवली. बराच वेळ पाहून म्हणाल्या, छान पांढरी आहे.

५ ऑगस्ट
फ्रेमवर्क लिहिणाऱ्यांत भांडण झाले. दोन तट पडले. तीन दिवस मी सगळे भांडण वाचले. याला वेळ घालवणे म्हणत नाहीत, पाया तपासणे म्हणतात. शेवटी दुसऱ्या तटाकडे गेलो. पुन्हा पहिल्यापासून. खिडकी आता राखाडी आहे.

१७ ऑगस्ट
आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. गल्लीत पोत्यांची शर्यत. मी गेलो नाही, काम होते. छापखानेवाले गियांतो शर्यतीत पडून गुडघा फोडून घेतल्यावर पाणी प्यायला आत आले. म्हणाले, प्रोग्रामवाले, जुना काय वाईट आहे? मी म्हणालो, तांत्रिक कारणं आहेत. ते म्हणाले, असतील बुवा. पण तो उघडला की नमुना म्हणून वुर्यांतीबाईच समोर येतात. पूर्वी पटकन पुसून गिऱ्हाइकाचं नाव घालायचो. आता हात अडतो. आधी ‘बाई, जरा सरका’ म्हणतो, मग पुसतो. परवा गिऱ्हाईक घाबरून शेजारच्या दुकानात गेलं.
खरे आहे. जुन्या प्रोग्रामच्या चाचण्या तीच घ्यायची. नमुन्यात स्वतःचे नाव आणि स्वतःचा फोटो घातला. म्हणाली, दुसऱ्या कुणा जिवंत बाईचं घातलंस तर तिचा नवरा भांडायला येईल. माझा नवरा गरीब आहे. मृत्यूच्या तारखेत साल घातले ९९९९. मी ते चुकांच्या यादीत टाकले: एवढे कोणी जगत नाही. तिने खाली लिहिले: चूक नाही. बदलू नये.
जूनपासून मी जुना प्रोग्राम उघडलेला नाही. कारण तांत्रिक आहे.

२ सप्टेंबर
अंधारी थीम पूर्ण. डोळ्यांना फार बरे वाटते. पुस्तिका अजून निघत नाही, पण नावाचा रकाना झाला. त्यात ‘अअअ’ लिहून पाहिले. उत्तम चालतो. खरे नाव शेवटी घालायचे, तशी पद्धत आहे.

५ सप्टेंबर
फ्रेमवर्कचे अपडेट आले. आता खिडकीही उघडत नाही. फोरमवर विचारले. एकच उत्तर आले: आजकाल डेस्कटॉपसाठी कोण लिहितं?
हार्सीताईंचा फोन. नव्या आवृत्तीचे समजावून सांगू लागलो. मध्येच म्हणाल्या, भाऊजी, तुमची खिडकी काळी करा नाहीतर हिरवी करा. मला माझ्या बहिणीचं नाव छापलेलं हवं आहे. तुम्हाला जमत नसेल तर मी बाजारात टाइप करून घेते, कुणी परका करेल. मग मी म्हणालो, उद्या देतो.

६ सप्टेंबर
सकाळी जुना प्रोग्राम उघडला. लगेच उघडला. नाव होते. जन्मतारीख बरोबर होती. फोटोत ती हसते आहे. पुस्तिकेच्या फोटोत हसू नये म्हणतात, पण तसाच ठेवला. बदलायला एकच रकाना होता. ९९९९ पुसून या वर्षाची एक जून घातली. मग चुकांची यादी उघडून चौदा वर्षांपूर्वीची ती नोंद बंद केली.
फाइल गियांतोंना पाठवली. ते म्हणाले, उद्या दुपारपर्यंत होतील.
एक प्रत घरीच छापली. घडी घातली, मध्ये दोन पिना मारल्या. प्रिंटरमधला उरलेला कागद काढून पाकिटात ठेवला. उघडा राहिला की दमट होतो.