जास्तीचा ‘के’

७ फेब्रुवारी २०००, सोमवार
आजपासून रोजनिशी. शुद्धलेखन पाळून. मंदाकिनी मॅडमच्या केमिस्ट्री लॅबमध्ये मी टेंपररी मदतनीस आहे, पण हाय प्रेशर मशीन आल्यामुळे ऑपरेटरची पर्मनंट जागा निघणार. दोन आठवडे मशीन नीट चालवलं तर मॅडम माझं नाव सुचवणार आहेत. शिक्षण एस.वाय. बी.एस्सी.पर्यंत. पुढचं विद्यापीठाला झेपलं नाही.

८ फेब्रुवारी
मशीन समजलं. जी रसायनं तापवूनही एकमेकांशी जुळत नाहीत, ती टेफ्लॉनच्या नळीत भरून दाबायची. जागाच उरली नाही की जुळतात. कोथरूडच्या बसमध्ये सकाळी हेच होतं, फक्त नवा पदार्थ तयार होत नाही.

९ फेब्रुवारी
मॅडमची पीएच.डी.ची विद्यार्थिनी ऋचा, तिने सूचनांचा इंग्रजी कागद दिला. प्रेशर ‘१० केबार’. बार हे दाबाचं एकक, पण बारच्या आधी के! नाइफमधल्यासारखा सायलेंट म्हणावा, तर डिक्शनरीत असा शब्दच नाही. लाल पेनने के खोडला. तिला बोललो नाही. उगाच ओशाळली असती.

१० फेब्रुवारी
पहिला रन. छोट्या डायलवर बरोबर दहा बार. मोठ्या डायलचा काटा हललाच नाही. बिघडलेला आहे. लॉगबुकात तशी नोंद केली, तारखेसह.

१४ फेब्रुवारी
रन चौथा. नळीत घातलं तेच बाहेर आलं. ऋचा म्हणाली, ही रिअॅक्शन झाली नाही तर माझा थिसिस लटकला. धीर दिला. रसायनं जुनी असतील म्हटलं. तिने नवी मागवली! आता माझं ऐकतात.
रूममेट अवधूत म्हणतो, जावाचा क्लास लाव. सांगितलं, कॉम्प्युटरचं फॅड वर्षभरात ओसरेल. दाब कायम राहणार.

१७ फेब्रुवारी
ऋचाने लॉगबुक पाहिलं. हे दहा बार कुठून आणलेत, म्हणाली. दुरुस्त केलेला कागद दाखवला. तिने लाल रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, अहो, के म्हणजे किलो. दहा हजार बार. दहा बारमध्ये फार तर ट्रकचं टायर फुगेल.
असं असेल तर कागदावर तळटीप हवी होती. तसं सुचवलं. ती उठून बाहेर गेली.

१८ फेब्रुवारी
आज मशीन ऋचाने चालवलं. मोठा काटा आपोआप दुरुस्त झाला. दुपारपर्यंत नवा पदार्थ तयार! मॅडमनी पेढे दिले. मला म्हणाल्या, तुमच्यामुळे एक सिद्ध झालं, कमी दाबात काहीही होत नाही. ऋचाच्या पेपरात याचा उल्लेख येईल का, सोमवारी विचारायचं.

२१ फेब्रुवारी, सोमवार
विचारायचं राहिलं. मॅडमनीच बोलावलं. ऑपरेटरच्या जागेची जाहिरात पेपरात द्यायची आहे, मसुदा तेवढा तपासून द्या, ते तुम्हाला छान जमतं, म्हणाल्या.
एकच चूक सापडली. पात्रतेत ‘बीएससी उत्तीर्ण’ लिहिलं होतं. ‘बी.एस्सी.’ करून दिलं.